चालते जंतू आणि न चालते जंतू



पूर्वी आपल्याकडे पटकीची साथ आली म्हणजे गावोगाव मरीआईचा गाडा काढीत. लाकडाचा लहानसा गाडा करावा, त्यात देवीची स्थापना करावी, नैवेद्य ठेवावा, वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत ओढीत न्यावा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून मागे न पाहता परतावे, अशी ती रीत. शेजारचे गाव मग तो गाडा आपल्या शिवेवरून आणखी पुढे ढकली. आज आपण याला अंधश्रद्धा म्हणून हसतो. परंतु या रीतीत दोन समजुती गृहीत धरलेल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. रोग चालतो ही पहिली. तो दुसऱ्याच्या दारात ढकलला की आपण सुटलो ही दुसरी. पहिली समजूत अर्धी खरी आहे, आणि विज्ञानाने ती अर्धी कशी खरी ठरवली हे मला आज सांगायचे आहे. दुसरी समजूत साफ खोटी आहे. पण शिकलेल्या सरकारांनी आणि मालकांनीही ती सोडलेली नाही. तिच्याविषयीही बोलणार आहे.

मी डॉक्टर नव्हे, प्राध्यापक नव्हे. माझे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर गेले आणि वाचन ग्रंथालयाच्या बाकावर झाले. तेव्हा ज्या माणसापासून ही कथा सुरू होते, त्याच्याविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो. हॉलंडातील डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. त्याला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. कापडाची वीण तपासायला भिंगे लागतात. हा गृहस्थ ती भिंगे स्वतः घासू लागला आणि असा नाद लागला की त्याच्या काळी त्याच्याइतकी चांगली भिंगे फार थोड्यांजवळ होती. १६७६ साली त्याने पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवले. आणि १६८३ साली त्याने आपल्याच दातांच्या फटींतील पांढरे किटण काढून भिंगाखाली धरले.

हा मनुष्य रोज मिठाने दात घाशी. तरीही त्या किटणात त्याला जिवंत प्राणी दिसले, आणि मुख्य म्हणजे ते हलत होते. एक जात पाण्यातून माशासारखी सुळकन जाई. दुसरी भोवऱ्यासारखी गरगरे. ज्याने जन्मात दात घासले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या तोंडातील किटणही त्याने तपासले. तेथे तर झुंबड उडालेली. दुसऱ्या एका वेळी कढत कॉफी घेतल्यावर पाहिले, तेव्हा समोरच्या दातांवरचे प्राणी निपचित पडलेले आढळले. माणसाच्या शरीरात राहणाऱ्या जीवाणूंच्या हालचालीच्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांपैकी हे एक. ते जिवंत आहेत हे त्याने ओळखले ते हालचालीवरूनच. जे हलते ते जिवंत, हा आपला सर्वांचा साधा हिशेब. तो येथे उपयोगी पडला. तो हिशेब नेहमीच पुरा पडत नाही, हे पुढे दिसेल.

हे प्राणी हलतात कशाने, हा प्रश्न त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे लोंबकळत राहिला. त्यांना शेपट्या असतात हे एकोणिसाव्या शतकात दिसले. शास्त्रात त्या शेपटीला कशाभिका म्हणतात. सर्वांना वाटे की मासा जसा शेपूट हलवतो तसे हे हलवत असतील. १९७३ साली अमेरिकेत हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी असे मांडले की ही शेपटी वळवळत नाही, फिरते, बोटीच्या पंख्यासारखी. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन या दोघांनी जीवाणूची शेपटीच काचेला चिकटवून टाकली. शेपटी धरून ठेवल्यावर अख्खा जीवाणू गोल गोल फिरू लागला आणि वाद मिटला.

शेपटीच्या बुडाशी जीवाणूच्या कातडीत बसवलेले एक यंत्र असते. त्याला फिरता दांडा आहे, कडी आहेत, स्थिर भाग आहे, आणि ते उलटसुलट दोन्ही बाजूंनी फिरते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या एशेरिकिया कोलाय या जीवाणूत ते सेकंदाला शंभराच्या आसपास फेरे घेते. या यंत्राला इंधन कोणते? ते समजावून सांगायला मला मुळशीखेरीज दुसरे गाव शोधण्याची गरज नाही. आपल्या धरणात पाणी अडवलेले आहे. ते बोगद्यातून सह्याद्रीच्या धारेपार नेतात आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडतात. त्या पडण्याच्या जोरावर तेथली चक्रे फिरतात. जीवाणू नेमके हेच करतो. तो आपल्या कातडीबाहेर विद्युत्भारित कण साठवून ठेवतो आणि ते कण आत घुसताना त्यांच्या लोंढ्यावर यंत्र फिरवून घेतो. कोलायच्या बाबतीत हे कण हायड्रोजनचे असतात. पटकीच्या जंतूच्या बाबतीत सोडियमचे, म्हणजे जे मिठात असते त्याचे. धरण, उतार आणि चक्र ही युक्ती माणसाला सुचण्याआधी अब्जावधी वर्षे जीवाणूंकडे होती. फरक इतकाच, की त्यांच्या धरणाखाली कोणाची भातखाचरे बुडाली नाहीत. १९२१ साली ज्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर येथे सत्याग्रह केला, त्यांची जमीन गेली ती मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून. या गिरण्यांकडे मला पुन्हा यायचे आहे.

तर असा हा कोलाय. याची लांबी मिलिमीटरचा पाचशेवा हिस्सा. तो सेकंदाला आपल्या अंगाच्या दहापट अंतर तोडतो. माणसाने त्या मानाने धावायचे म्हटले तर ताशी साठ किलोमीटर पडतील. पण त्याच्या आकाराच्या प्राण्याला पाणी हे काकवीसारखे दाट वाटते. यंत्र थांबले की तो जागच्या जागी थांबतो; अणूच्या रुंदीइतकाही पुढे घसरत नाही. मग तो दिशा कशी धरतो? त्याला डोळे नाहीत. तो थोडा वेळ सरळ पोहतो, मग यंत्र उलटे फिरवून गडबडा लोळतो, आणि ज्या दिशेला तोंड होईल तिकडे पुन्हा सुटतो. अन्नाचा अंश वाढत असल्याचे जाणवले तर लोळणे लांबणीवर टाकतो, कमी होत असेल तर लौकर लोळतो. एवढ्या साध्या नियमाने तो अन्नाकडे पोचतो. जर्मनीत फेफर याने १८८४ साली जीवाणू मांसाच्या अर्काकडे ओढले जातात हे दाखवले होते. ज्युलियस ॲडलरने १९६६ पासून आणि बर्गने १९७२ साली त्याची बारकाईने उकल केली.

आता शरीराच्या वेगवेगळ्या भागांत जाऊन पाहू. तेव्हा असे दिसते की चालणे ही जीवाणूची हौस नसते. वस्तीच्या गरजेप्रमाणे ती कला टिकते किंवा जाते. कातडीवर राहणारे गोल जीवाणू मुळीच पोहत नाहीत. कोरड्या कातडीवर पोहणार कोठे? तोंडात लाळ आहे, हिरड्यांच्या फटी आहेत. तेथे मळसूत्री आकाराचे जीवाणू सर्व अंग पिळवटून दाटातून वाट काढतात. मोठ्या आतड्यात अन्न आपोआप दारी येते. तेथल्या दाट वस्तीतील पुष्कळसे जीवाणू बिनशेपटीचेच असतात. जठरात मात्र जळजळीत आम्ल. तेथे काही जगणारच नाही असे डॉक्टर मानीत. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातून एक मळसूत्री जीवाणू वाढवून दाखवला. याला एका टोकाला चारसहा शेपट्या असतात. तो आपल्याभोवती अमोनिया सोडतो, त्याने आम्ल मरते आणि श्लेष्म्याचा दाट थर पातळ होतो. मग हा त्यातून पोहत जठराच्या भिंतीपाशी सुरक्षित जागी जाऊन बसतो. लोकांचा विश्वास बसेना म्हणून मार्शलने १९८४ साली त्या जंतूंचा पेला स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाळीवर काम करणाऱ्या माझ्या कितीतरी सोबत्यांना पोटातल्या व्रणाबद्दल तिखट खाता आणि चिंता करता म्हणून वर्षानुवर्षे बोलणी बसली. दोष पुष्कळदा या पोहणाऱ्या पाहुण्याचा होता.

आणि पटकी. या रोगाच्या जंतूचे शास्त्रीय नावच त्याच्या थरथरण्यावरून पडले आहे. इटलीत फ्लॉरेन्सला फिलिप्पो पाचिनीने १८५४ साली पटकीने मेलेल्यांच्या आतड्यात तो पाहिला. कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास आला, आणि स्वल्पविरामाच्या आकाराचा हाच जंतू त्याने वेगळा काढून वाढवला. याला एकच शेपटी, पण पोहण्यात हा कोलायच्याही पुढे. पाण्यातून तोंडावाटे आत जातो, लहान आतड्यातील श्लेष्मा भेदून भिंतीला चिकटतो आणि तेथे विष सोडतो. ते विष आहे हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली प्रयोगाने सिद्ध केले. मात्र हा पटाईत पोहणारा स्वतःच्या शेपटीच्या बळावर आतड्यातले तिळाएवढे अंतर तोडतो. गावापासून गावापर्यंत तो गेला तो नदीनाल्यांतून, विहिरींतून आणि यात्रेकरूंच्या तांब्यातून. मरीआईचा गाडा शिवेवर थांबत असेल. ओढा थांबत नव्हता.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येतो. आपल्या देशाला ज्या जंतूने सर्वांत मोठा हादरा दिला तो चालत नव्हता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे असे निदान केले. त्याचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र यर्सांने शोधला होता. भिंगाखाली तो मुकाट पडून राहतो. आज आपल्याला ठाऊक आहे की याच्या पूर्वज जातीला शेपट्या होत्या व गारव्यात ती पोहतही असे; प्लेगच्या जंतूत शेपटी घडवण्याच्या सूचनांत मोडतोड झाली आणि त्याने चालणे सोडून दिले. का सोडले? कारण त्याला वाहन मिळाले. उंदराच्या पिसवेच्या पोटात तो वाढतो आणि तिच्या घशाशी बोळा होऊन बसतो. पिसवेला रक्त गिळता येत नाही. भुकेने वखवखून ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात जंतू ओकते. हे बेकट आणि मार्टिन यांनी १९१४ साली दाखवले. पिसू उंदरावर, उंदीर धान्याच्या पोत्यात, पोते जहाजात आणि आगगाडीत. मांडवी ही गोदीलगतची धान्याची पेठ होती, हे विसरू नये. ज्याला पाऊलभर चालता येत नाही, असा जंतू व्यापाराच्या पाठीवर बसून चीनच्या किनाऱ्यावरून मुंबईस, मुंबईहून पुण्यास आणि पुढे सगळ्या देशात गेला. पुढील दोनतीन दशकांत त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मारली.

सरकारला त्या वेळी जंतू ठाऊक होता, वाहन ठाऊक नव्हते. म्हणून त्याने जे चालताना दिसत होते त्यालाच धरले, म्हणजे माणसाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरे धुंडाळली, कौले उतरवली, अंथरुणे जाळली, स्टेशनांवर माणसे उतरवून काखा आणि जांघा तपासल्या. पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी स्वयंपाकघरे आणि देवघरे तुडवली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. घर खणून औषधाने धुताना तेथले उंदीर मात्र शेजारच्या चाळीत पळत होते. अडाणी म्हटलेल्या खेडुताने याहून शहाणपण दाखवले. घरात उंदीर पडला की तो भांडीकुंडी उचलून रानात खोप घालून राही. का, ते त्याला सांगता आले नसते. पण त्याचे पाऊल बरोबर पडे.

मुंबईची लोकवस्ती १८९१ च्या शिरगणतीत आठ लाखांच्या वर होती. १८९७ च्या आरंभापर्यंत जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले होते. त्यांत घाटावरचे आणि कोकणातले गिरणी कामगार होते, हमाल होते. मुंबईत डबे पोचवण्याचा धंदा १८९० साली सुरू झाला. तो करणारी माणसेही आपल्या या मावळपट्ट्यातलीच. गिरण्यांचे साचे ओस पडले. जे कामगार राहिले त्यांनी महिन्याचा पगार नको, रोजचे दाम रोज द्या, असे म्हटले, आणि जे मालक महिनोन्‌महिने पगार अडकवून ठेवीत त्यांनी ते मुकाट्याने दिले. कामगार निघून जाऊ शकतो हीच त्याची ताकद, हे तेव्हा प्रथमच इतके स्पष्ट दिसले. गाव सोडणाऱ्याला त्या वेळी पळपुटा म्हटले गेले. उंदीर पडलेल्या चाळीतून उठून गेलेला मनुष्य माझ्या मते पळपुटा नव्हे.

पण सारेच गेले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे गेले नाहीत. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांना संघटित करणारे या देशातील पहिले पुढारी. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. ती आपण आजही भोगतो. प्लेगमध्ये ते मुंबईत राहून रोग्यांची सेवा करीत होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांना प्लेगनेच नेले. त्यानंतर एकाच महिन्याने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. हडपसरजवळच्या माळावर त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. तेथे एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या आणि त्यांना लागण झाली. जंतू चालत नव्हता; त्या चालल्या. हे दोन मृत्यू एकाच सत्यशोधक परिवारातले, आणि आम्हा संघटनेच्या माणसांना ते नित्य स्मरणात ठेवण्यासारखे आहेत.

त्याच सुमारास, जानेवारी १८९७ मध्ये, वाल्देमार हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार करून पहिली मात्रा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली तो जंतू वाढवी. त्याची प्रयोगशाळा १८९९ साली परळला गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. वाहनाचा शोध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत लावला होता: उंदराची पिसू. साहेबांच्या प्लेग कमिशनला ते पटले नाही. मग ग्लेन लिस्टनने मुंबईत ते नव्याने पाहिले आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रयोग किती साधा पाहा. प्लेगच्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना रोग झाला. दोन फुटांवर टांगलेले वाचले, कारण पिसवेची उडी तेवढी जात नाही. सिमाँच्या शोधापासून इथपर्यंत सात वर्षे गेली. त्या सात वर्षांत लाखो माणसे मेली, आणि कित्येकांची घरे मात्र औषधाने स्वच्छ धुतलेली होती.

हा सर्व जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने करोनासाठी तोच १८९७ चा कायदा लागू केला. करोना हा विषाणू. त्याला ना पेशी ना शेपटी, तो तर जंतूहूनही परस्वाधीन. तो परदेशातून आला विमानाने. पण रस्त्यावर अडवला गेला तो डोक्यावर बोचके घेतलेला, पायी गावी निघालेला मजूर. शंभरावर वर्षे उलटली, तरी साथ आली की सरकारचे डोळे प्रथम गरिबाच्या पायांकडेच जातात.

आणि एक लहानशी गोष्ट आपल्याच तालुक्यातली सांगतो. एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात निम्मी पाळी जुलाबाने आडवी झाली. व्यवस्थापनाने फलक लावला: कामगारांनी हात धुवावेत. हात धुवावेत हे खरेच. त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण आम्ही छपरावरची टाकी उघडायला लावली. झाकण फुटलेले, आत मेलेली पाखरे, तळाशी वीतभर गाळ. कंत्राटी मुलांनी ते पाहून ठेवले होते, मात्र बोलले तर काम जाईल म्हणून गप्प होते. टाकी धुतली, झाकण बसवले, दर महिन्याला पाणी तपासण्याचे लेखी घेतले. त्यानंतर त्या पावसाळ्यात पाळी आडवी झाली नाही. फलक मात्र तसाच आहे. तो आम्ही काढला नाही, त्याच्या खाली पाणी तपासल्याची तारीख लिहायला लावली.

लेव्हेनहूकने जंतू ओळखला तो हालचालीवरून. त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांचा धडा असा, की जंतूची स्वतःची चाल केसाच्या जाडीत मोजायची असते आणि साथीची चाल कोसांत. त्या दोहोंमधले अंतर भरून काढतात ती पाण्याची नळी, धान्याचे पोते, उंदराचे बीळ, दाटीवाटीची खोली आणि आजारी असूनही खाडा परवडत नाही म्हणून कामावर आलेला मनुष्य. पहिली चाल थांबवणे वैद्यांचे काम. त्यांनी ते पुष्कळ केले आहे आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. दुसरी चाल थांबवणे हे ग्रामपंचायतीचे, कामगार संघटनेचे, सरकारचे, म्हणजे अखेर तुमचे माझे काम. आजारपणाची भरपगारी रजा ही सवलत नसून साथ अडवणारी भिंत आहे, हे मी मालकांना बैठकीत सांगतो तेव्हा ते हसतात. त्यांना मी लिस्टनचे पिंजरे सांगतो. माणसाला जमिनीपासून दोन फूट वर उचला, म्हणजे बरी खोली द्या, स्वच्छ पाणी द्या, दोन दिवस पडून राहण्याची मुभा द्या. पुष्कळ रोगांची उडी तेथवर पोचत नाही.

मरीआईचा गाडा आता कोठे फारसा दिसत नाही. पण शिवेपलीकडे ढकलून मोकळे होण्याची वृत्ती गेलेली नाही. आपल्या गावाचे सांडपाणी मुळेत सोडून आपण मोकळे होतो, आणि खालच्या गावाने ते प्यायचे असते. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेला याल तेव्हा आपापल्या गावच्या टाकीचे झाकण पाहून या, एवढीच विनंती करतो.